फुलटोचा गेला नव्हता

मला कुणी सांभाळून घेतलं की माझं डोकं फिरतं. एसटीत कुणी उठून जागा दिली तर मी बसते, पण उतरेपर्यंत त्या माणसाकडे बघत नाही. हा स्वभाव बरा नाही, असं मला आईनं, नवऱ्यानं आणि मुलीनं आळीपाळीनं सांगून झालं आहे. तरीही गेल्या हिवाळ्यात माझ्या तीन मित्रांनी माझ्याशी जे केलं, त्याचा राग मी नुसत्या स्वभावावर ढकलायला तयार नाही. तो राग रास्त होता. अजूनही थोडा शिल्लक आहे.

आम्ही चौघं. मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, आता घरी असते. दुसरी माझ्याच शाळेतली चित्रकलेची बाई, माझी जुनी मैत्रीण. तिसरे खालापुरातले औषधवाले. त्यांचे आजोबा किनाऱ्याकडून व्यापाराला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. ईदला शीरखुर्म्याचा डबा ते स्वतः घरी आणून देतात आणि डबा लगेच रिकामा करून मागतात. चौथा कुंभिवलीजवळचा भातशेतीवाला. हायवेला लागून असलेला तुकडा गोदामाला दिल्यापासून त्याच्याकडे जीप आली, आणि जीप आली म्हणून आम्हाला डोंगर आले. त्याला आम्ही जीपवालाच म्हणतो. एकदा एका ओढ्यावर आम्ही सगळे एकाच खंड्या पक्ष्याकडे बघत उभे होतो, तिथून ओळख झाली.

दिवाळी सरून हवेत गारवा आला की आमचे रविवार ठरलेले. उजाडायच्या सुमाराला जीप निघते आणि एका डोंगराच्या पायथ्याच्या गावात थांबते. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात गावकऱ्यांचा दोष नाही. गावाच्या वर गायरान आहे, म्हणजे सगळ्या गावाची मिळून चराईची जमीन. तिथं जुने आंबे, बेहडे, ऐन. त्याच्या वर रान सुरू होतं.

रानात शिरल्यावर बोलायचं नाही, हा आमचा रिवाज. ज्याला पक्षी ऐकू येईल त्यानं हात वर करायचा आणि बाकीच्यांनी जिथं असतील तिथं थांबायचं. दाट झाडीत पक्षी आधी कानाला सापडतो, डोळ्यांना मागाहून. तो हात बहुतेक वेळा माझाच असायचा. मग मी बोटानं फांदी दाखवायची आणि ओठांनी नाव सांगायचं. चित्रकलेच्या बाईला रंग अचूक दिसतात, औषधवाल्यांकडे भारी दुर्बीण आहे, जीपवाल्याची नजर तयार आहे. पण आवाजावरून पक्षी ओळखायला तिघांतलं कुणी कधी शिकलंच नाही. गरजच नव्हती, मी होते. आमच्या टोळीचा कान मी होते, आणि हे मी बढाई म्हणूनच सांगते आहे.

आता फुलटोचा. हा अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा पक्षी. त्याच्यात बघण्यासारखं काही नाही. आंब्यावर बांडगूळ वाढलं की हा तिथं राहायला येतो, त्याची फळं खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीला पुसून ठेवतो, म्हणून आंबेवाले त्याला शिव्या देतात. उंचावरच्या पानांत तो सहसा दिसत नाही. तो वाजतो. चिक चिक चिक, अगदी बारीक, सकाळभर. आमच्या गायरानातला तो सगळ्यात साधा आवाज होता, इतका साधा की त्याच्यासाठी मी हातही अर्धाच वर करायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी तो वाजायचा थांबला.

त्याच सुमाराला डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जेसीबी लागले होते. मुंबई-पुण्याच्या लोकांना शनिवार-रविवारपुरता डोंगर हवा असतो, त्यांच्यासाठी एका कंपनीनं तिकडं बंगल्यांचे प्लॉट पाडले. उतारावरची झाडं काढली, माती कापून पायऱ्या केल्या, फाटकावर धनेशाचं मोठं चित्र लावलं आणि आतल्या गल्ल्यांना पक्ष्यांची नावं दिली. ज्या वाळक्या झाडात तांबट ढोली कोरायचा, ते झाड पाडलं आणि त्या जागेचं नाव ठेवलं तांबट गल्ली. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी जीप थांबवायला लावली आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याशी भांडले. त्या बिचाऱ्याचा काय संबंध, असं मैत्रीण म्हणत राहिली. संबंध नव्हता, पण समोर तोच होता.

फुलटोचा गप्प झाला तेव्हा दोन आणि दोन मी चार केले. तरी मी शास्त्राची बाई. नुसत्या स्वतःवर विसंबले नाही. गावातल्या टपरीवर चहा घेताना तिघांना विचारलं, "तुम्हाला ऐकू आला का फुलटोचा?"

"नाही गं," मैत्रीण म्हणाली.

"मलाही नाही," औषधवाले म्हणाले.

"कुठं हाय आता," जीपवाला म्हणाला. "धुरळा किती उडतोय पलीकडं. त्यो काय राहतोय इथं?"

दर रविवारी मी विचारायचे आणि दर रविवारी हेच उत्तर मिळायचं. मी विश्वास ठेवला, आणि का ठेवू नये? पक्ष्यांच्या बाबतीत आम्ही एकमेकांशी खोटं बोलत नाही. एक गृहस्थ न दिसलेले पक्षी दिसले म्हणून सांगायचे, त्यांना आम्ही जीपमध्ये घ्यायचं बंद केलं होतं. बाकी बाबतीत ते फार चांगले होते.

मग कंपनीला गायरानातून रस्ता हवा झाला. पलीकडून वळसा पडतो, इकडून सरळ. रस्ता झाला तर जुने आंबे जाणार. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागत होता. गावची सरपंच माझी विद्यार्थिनी, मागच्या बाकावर बसून कैऱ्या खाणारी. तिनं मला सभेत बोलायची परवानगी दिली. मी उभी राहिले आणि घसा खरवडून बोलले. पलीकडची झाडं तोडली आणि इकडचा फुलटोचा गेला, असं सांगितलं. दोन हिवाळे आम्ही चौघांनी ऐकलेला नाही, हेही सांगितलं. इतका साधा पक्षी जातो तेव्हा त्याच्यामागून काय काय जातं ते सांगितलं. त्या दिवशी माणसं पुरेशी जमली नव्हती म्हणून ठराव पुढच्या सभेवर गेला. माझे तिघे मित्र मागच्या सतरंजीवर बसून भजी खात होते. परत येताना जीपमध्ये कुणी फारसं बोललं नाही. माझ्या बोलण्याचा परिणाम झालाय, असं मला वाटलं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो. थंडी कडक होती. खाली खोऱ्यात धुकं भरलं होतं, समोर माथेरानचा फक्त माथा उघडा होता. औषधवाले माकडटोपी घालून आले होते. आम्ही गायरानातल्या मोठ्या आंब्याखाली थर्मासमधला चहा घ्यायला बसलो. मी कातळाला पाठ टेकली आणि सहज म्हणून दुर्बीण वर, बांडगुळाच्या झुबक्याकडे लावली. कशाचीच आशा नव्हती.

फांदीच्या टोकाला फुलटोचा बसला होता.

मातकट, शेपूट आखूड, चोच किंचित बाकदार. मला वाटलं ओरडावं. मग मी नीट बघितलं. त्याची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती, मिटत होती. गळ्यावरची पिसं थरथरत होती. आवाज नव्हता. मी श्वास धरला. दूर कुठं तांबट टुक टुक करत होता तो मला स्वच्छ ऐकू येत होता. गावात कुत्रं भुंकत होतं, पलीकडे काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता, तेही येत होतं. समोरच्या पक्ष्याची चोच तेवढी मुकाट हलत होती.

मी दुर्बीण खाली घेतली आणि मागं वळले. मैत्रीण थर्मासचं झाकण फिरवत होती, ते आधीच घट्ट बसलेलं होतं. औषधवाले भिंग पुसत होते. जीपवाला आपल्या बुटांकडे बघत होता. तिघांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"वाजतोय का तो?" मी विचारलं.

मैत्रिणीनं झाकण आणखी एकदा फिरवलं.

"मी विचारतेय, वाजतोय का?"

"वाजतोय," औषधवाले म्हणाले. "आपण बसल्यापासून."

"आणि मागच्या वर्षी?"

"तेव्हाही होता, बाई." मग ते दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतात तसं हळू बोलायला लागले. "वय झालं की बारीक आवाज आधी जातात. सगळ्यांचेच जातात. जाड आवाज येत राहतात, म्हणून माणसाला कळतही नाही. हल्ली कानाची मशिनं फार चांगली..."

"कंपनसंख्या मी शिकवलीय," मी म्हणाले. "मला ते नका सांगू. मला हे सांगा, की तुम्ही तिघांनी ठरवलं कधी?"

ठरवलं नव्हतं म्हणे. दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी फुलटोचा डोक्यावर वाजत होता आणि तिघंही माझ्या हाताची वाट बघत थांबले. हात आला नाही. मैत्रिणीनं बाकीच्यांना डोळ्यांनी खुणावलं, आणि तिघं तसेच पुढे चालू लागले. त्यानंतर काहीही बारीक वाजलं की तिघांचे हात खिशात. मला ते हात दिसत होते. थंडी वाजतेय म्हणून खिशात आहेत, असं मी समजत होते.

"तुमाला वाईट वाटंल म्हणून नाय बोललो," जीपवाला म्हणाला. "हात वर करायचं काम तुमचं. तुमचाच हात नाय आला, तर आमी कसा करायचा?"

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पण मुद्द्याचं लिहिते. माझा कान गेला हे सांगायचं धैर्य नाही, म्हणून तुम्ही धडधाकट पक्षी मारून टाकलात, असं मी म्हणाले. न दिसलेला पक्षी दिसला म्हणणाऱ्याला आपण जीपमधून उतरवलं, मग ऐकलेला पक्षी ऐकला नाही म्हणणाऱ्यांचं काय करायचं, असंही विचारलं. आणि मी भर सभेत उभी राहून गावाला खोटं सांगत होते, तेव्हा तुम्ही भजी खात होतात.

"अगं, तू इतक्या तळमळीनं बोलत होतीस," मैत्रीण म्हणाली. "आणि मुद्दा तर बरोबरच होता ना? झाडं वाचायलाच हवीत."

"मुद्दा बरोबर आणि पुरावा खोटा. हे तर त्या प्लॉटवाल्यांनाही जमतं."

मी जीपमध्ये बसले नाही. गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत निघाले, हातात दुर्बीण, गळ्यात मफलर, आणि माझ्या मागून जीप पहिल्या गिअरमध्ये रखडत येत होती. वाटेत भेटणारी माणसं आधी माझ्याकडे बघायची, मग जीपकडे. मोठ्या रस्त्यावर रिक्षा मिळाली.

घरी आल्यावर राग थोडा बसला आणि खालून दुसरंच काही वर आलं. मला भीती वाटत होती. वटवटे नावाचे चिमुकले पक्षी हिमालयाकडून दर थंडीत आमच्या डोंगरात येतात, चष्मेवाल्यांचे थवे बारीक कुजबुजत झाडावरून झाडावर जातात. मी आठवायला बसले, की हे आवाज मी शेवटचे कधी ऐकले, आणि आठवेना. कुणी निरोपसुद्धा घेतला नव्हता. फुलटोचा गेला म्हणून मी मागच्या वर्षी स्वयंपाकघरात रडले होते. तो तेव्हा माझ्या डोक्यावर बसून ओरडत होता, आणि मी त्याचं सुतक पाळत होते.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. मी उचलला, कारण न उचलण्यापेक्षा उचलून गप्प बसलं की समोरच्याला जास्त लागतं.

"उद्या काही बोलू नकोस," ती म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. पक्षी आहे असं तू सांगितलंस तर ते म्हणतील, बघा, आमच्या कामानं काही बिघडत नाही. आंबे जातील. तुझ्या खरेपणापायी जातील."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हा त्यातला सगळ्यात संतापजनक भाग. मी फोन ठेवून दिला. सभेला जायचं आणि तोंड उघडायचं नाही, असं माझं जवळजवळ ठरलं होतं.

सभा देवळाच्या मंडपात होती. या वेळी माणसं भरपूर. कंपनीचा माणूस आला होता, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा, सगळ्यांना काका-मावशी म्हणणारा. तो उभा राहिला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "बाईंचा आम्ही फार आदर करतो. बाईंनी मागच्या वेळी स्वतःच सांगितलं, की या झाडांवरचे पक्षी गेले. त्याचं आम्हालाही दुःख आहे. पण मी विचारतो, आता रिकामी झाडं कुणासाठी ठेवायची? रस्ता झाला तर निदान माणसांची तरी सोय होईल."

माणसं माना डोलवायला लागली. मी मागं बघितलं. माझे तिघे मित्र देवळाच्या खांबाला टेकून उभे होते, या वेळी भजी न घेता. मैत्रिणीनं मान हलवली, नको म्हणून.

मी उठले.

"मागच्या सभेत मी सांगितलं ते चूक होतं," मी म्हणाले. "पक्षी गेलेले नाहीत. माझे कान गेलेत."

मागून कुणीतरी हसलं. त्याचं बघून आणखी चारजण हसले. वर्गात असं हसू आलं की मी खडू फेकायचे. हातात काही नव्हतं.

"म्हणजे मागचं सगळं खोटंच होतं ना, बाई?" कंपनीचा माणूस म्हणाला. अजून गोडच.

"माझं ऐकणं खोटं होतं. पक्षी खरा आहे. मोठ्या आंब्यावर आहे, काल मी डोळ्यांनी बघितला, चोच हलताना बघितली. ज्याचे कान शाबूत आहेत त्यानं उद्या सकाळी येऊन ऐकावं. तुम्हीही या. तुमचं वय कमी आहे, तुम्हाला येईल ऐकू. त्या झाडाला रिकामं म्हणायचं असेल तर त्याच्याखाली उभं राहून म्हणा."

एवढं बोलले आणि मला लाज वाटली. बसायला गेले तर शेजारच्या म्हातारीनं माझा हात धरून मला खाली घेतलं आणि बसल्या जागेवरून बोलायला लागली.

"कान तं माजं बी गेलं. म्हनून काय माज्या घरातली मानसं गेली?" ती त्या माणसाला म्हणाली. "आन् पाखराचं सोडा. त्यो आंबा माज्या सासऱ्यानं लावलाय. दर साली आख्ख्या गावाचं लोनचं होतं त्याच्यावर. तुमचा रस्ता न्या की वळशानं."

लोणच्याचा विषय निघाल्यावर सभा पेटली. कुणाच्या घरी किती बरण्या, मागच्या साली कोणी जास्त कैऱ्या उतरवल्या, यावर जे भांडण लागलं ते सरपंचबाईंना आवरेना. गावाला फुलटोचा कधी दिसलाच नव्हता. मी दोन सभा ज्या पक्ष्यासाठी घसा कोरडा केला तो त्यांच्या खिजगणतीतही नव्हता, याचाही मला राग आला, पण तो मी गिळला. ठराव त्या दिवशी झाला नाही. पुढे कधी होईलही. अशा कंपन्या दमत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून एकटी गायरानावर गेले. बोलावलं होतं मी, तेव्हा मी असणं भाग होतं. गावातून कुणी आलं नाही. कंपनीचा माणूस येणार नव्हताच. गवतावर दंव होतं, बूट भिजले. थोड्या वेळानं जीपचा आवाज आला. जीप मला ऐकू येते. तिघं चढून वर आले आणि माझ्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहिले. औषधवाल्यांनी खिशातून मशिनांच्या जाहिरातीचा कागद काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

मग जीपवाल्यानं खिशातून हात काढला आणि वर केला. त्याच्या मागोमाग मैत्रिणीचा हात वर गेला, मग औषधवाल्यांचा. तिघं आंब्याखाली हात वर करून उभे, पकडलेल्या चोरांसारखे.

मी दुर्बीण लावली. पानं आणि बांडगूळ. काही दिसत नव्हतं, काही वाजत नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "फुलटोचा असंल," जीपवाला म्हणाला. "नायतर त्यो दुसरा. हिवाळ्यात येतो, त्यो."

"असंल म्हणजे? इतकी वर्षं माझ्याबरोबर फिरताय, आणि फुलटोचा कुठला, वटवट्या कुठला, एवढंही कळत नाही?"

"तुमी होता ना सांगायला," तो म्हणाला.

मला भयंकर राग आला. ज्यांना ऐकू येत होतं त्यांना ओळखता येत नव्हतं, आणि मला ओळखता येत होतं, पण आता ऐकू येणार नव्हतं.

"कसा वाजतोय ते करून दाखव," मी म्हणाले.

तो लाजला. नातवंडं असलेला माणूस. मग त्यानं इकडं तिकडं बघितलं, ओठ पुढे काढले आणि जमेल तसं करायला लागला. ची, ची, ची. मधे थुंकी उडाली. आवाज भसाडा होता, पक्ष्याच्या आवाजाहून खूप खालचा, आणि मला तो स्पष्ट ऐकू येत होता.

"तुटक आहे की सलग?" मी विचारलं.

"तुटक."

"मग तुटक कर. असा नाही वाजत तो. परत कर."